पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरमागे उसाची किती वजनाची ट्रॉली लावावी?

येरळाकाठचा शेतकरी (कडेगाव तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. ताकारी योजनेचे पाणी आमच्या शिवारात आल्यापासून घरचा ऊस वाढला आहे. दरवर्षी वाहतूकदाराच्या मागे फिरावे लागू नये म्हणून गेल्या दिवाळीत कर्ज काढून ५० एचपीचा ट्रॅक्टर घेतला. पुढच्या गाळप हंगामात स्वतःच्या उसाबरोबर भावकीचाही ऊस वाहावा आणि कारखान्याशी रीतसर करार करावा, असा विचार आहे. ट्रॉल्या अजून घेतलेल्या नाहीत आणि त्या घेण्याआधीच हा प्रश्न विचारत आहे, कारण जानेवारीत एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही.

त्या दिवशी मी पाहुण्यांच्या दोन ट्रॉल्या जोडून ऊस घेऊन निघालो होतो. दोन्ही ट्रॉल्या दोनचाकी, म्हणजे एकाच आकाच्या (अ‍ॅक्सलच्या) आहेत. कारखान्याच्या काट्यावरची पावती माझ्याकडे आहे. तिच्यावर उसाचे निव्वळ वजन १६.४ टन आहे. आमच्या वाटेवर एक खिंड लागते. चढावर पहिल्या गिअरात ट्रॅक्टर चालला, पण पुढची चाके दोनदा हलकी होऊन स्टिअरिंग हातात मोकळे फिरल्यासारखे झाले. खरी भीती उतारावर वाटली. समोर म्हशींचा कळप आला म्हणून ब्रेक दाबला, तर मागची दोन्ही चाके जागच्या जागी थांबली, पण गाडी थांबली नाही. थांबलेली चाके डांबरावर घासत पुढे सरकत राहिली आणि मागून पहिली ट्रॉली ट्रॅक्टरला हळूहळू तिरके ढकलू लागली. डावीकडे रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग होता. त्यात पुढचे चाक घातले म्हणून गाडी उभी राहिली. खाली उतरून पाहिले तर हुकाची पिन एका अंगाने खोल झिजलेली होती आणि ती निसटू नये म्हणून खाली लावायच्या कॉटर पिनच्या जागी कोणीतरी बाइंडिंगची तार पिळून ठेवली होती. जनावरांना किंवा माणसाला काही झाले नाही, एवढेच समाधान.

ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याने “वीस टन आरामात ओढेल” असे सांगितले होते. गावात कोणी म्हणते की ५० एचपीला दोन ट्रॉल्या हव्यातच, नाहीतर हप्ता निघत नाही. कोणी म्हणते की ट्रॅक्टर लहान पडतो, ६० एचपीचा घ्यायला हवा होता. कोणते वजन कोणत्या आकड्याशी जुळवून पाहायचे, हे मला कोणीच नीट सांगू शकलेले नाही. ट्रॉली एक घ्यावी की दोन, किती टनांची घ्यावी आणि तिला ब्रेक असावेत का, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त यंत्र-अध्यापक (सांगली)

आपण ट्रॉली घेण्याआधी विचारले, हे फार बरे केले. आपल्या प्रश्नाचे उत्तर एचपीच्या आकड्यात नाही, हे आपल्याच अनुभवात दिसते. इंजिन कुठेच कमी पडले नाही. कमी पडली ती चाकांची जमिनीवरची पकड, चढताना पुढच्या चाकांची आणि उतरताना मागच्या चाकांची.

थोडे गणित मांडतो, कागदावर करून पाहावे. ऊस १६ टन, दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून अंदाजे ४ टन आणि ट्रॅक्टर चालकासह २ टनांच्या थोडा वर, असे सर्व मिळून २२ टन धरू. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाके नुसती फिरत ठेवण्यासाठी एकूण वजनाच्या साधारण २ टक्के जोर लागतो. २० फुटांना १ फूट असा चढ असेल तर त्यात ५ टक्क्यांची भर पडते. म्हणजे खिंडीत ७ टक्के, २२ टनांना १५४० किलो ओढ. पन्नास एचपी म्हणजे सुमारे ३७ किलोवॉट. गिअरमधून चाकांपर्यंत त्यातले ३० उरले, तरी ताशी ७ किलोमीटरच्या वेगाने हे वजन चढवण्याइतकी ताकद इंजिनात आहे. विक्रेत्याचे “वीस टन” तेवढ्यापुरते खोटे नाही.

पण ती ओढ जमिनीला लागते ती मागच्या दोन टायरांतून. चढावर मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचे आणि हुकावरचे मिळून १८०० किलो वजन आहे असे समजा. कोरड्या डांबरावर त्याच्या सुमारे ०.७ पट, म्हणजे १२६० किलोपर्यंत ओढ मिळेल आणि त्यापुढे चाक जागेवर फिरू लागेल. १२६० ला ७ टक्क्यांनी भागले की १८ टन येतात. त्या दिवशी ट्रॅक्टर त्याहून जास्त वजन घेऊन चढला असला, तरी ट्रॅक्टर धरून १८ टन, हीच त्या खिंडीतली आपली भरवशाची मर्यादा समजावी आणि तीही रस्ता कोरडा व टायर चांगले असतील तर. सपाट रस्त्यावर याच हिशेबाने साठ टनांच्या पुढचा आकडा येतो, आणि म्हणूनच सपाटीवर चालवणाऱ्याला आपला ट्रॅक्टर काहीही ओढतो असे वाटत राहते. फडात, ओल्या सरीत, हेच गणित पार उलटते. तिथे चाक फिरवण्यालाच १० टक्क्यांहून जास्त जोर लागतो आणि पकडही घटते.

आता उताराकडे येतो, कारण जीव तिथे जातो. साध्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ट्रॉल्यांना ब्रेक नसतील तर २२ टन थांबवण्याचे सारे काम त्या दोन टायरांवर येते. ब्रेक दाबताना त्यांची पकड फार तर १००० किलोची धरावी. त्याच ५ टक्के उतारावर २२ टनांचा खालचा रेटा ११०० किलो आहे. त्यातून चाकांच्या घर्षणाचे ४४० वजा केले तरी ६६० किलो उरतात. म्हणजे ब्रेकची दोन-तृतीयांश पकड केवळ वेग वाढू न देण्यात खर्च होते आणि प्रत्यक्ष थांबवण्यासाठी ३४० किलो हाती राहतात. ताशी २० किलोमीटर वेग असेल तर गाडी थांबायला सुमारे १०० मीटर लागतात. रस्त्यावर बारीक खडी किंवा उसाचे पाचट पसरलेले असेल, तर पकड ६०० किलोवर येते आणि मग गाडी थांबतच नाही, उलट वेग घेते. आपले चाक थांबूनही गाडी सरकत राहिली त्याचे कारण एवढेच. ब्रेक उत्तम होते, म्हणूनच चाके थांबली. त्या चाकांखाली पुरेसे वजन नव्हते.

एकूण वजन २२ वरून १४ टनांवर आणले, तर त्याच उतारावर, त्याच वेगाला थांबण्याचे अंतर ३८ मीटरच्या आसपास येते. वजन एक-तृतीयांशापेक्षा थोडे जास्त घटते आणि अंतर मात्र निम्म्याहून कितीतरी अधिक घटते, हे लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट, जी दोन दोनचाकी ट्रॉल्या जोडणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. दोनचाकी ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर काही भार टाकते आणि तो भार आपल्या फायद्याचा असतो, कारण त्याने मागच्या चाकांची पकड वाढते. दुसरी ट्रॉली मात्र आपला भार पहिल्या ट्रॉलीच्या शेपटाकडच्या हुकावर टाकते. तो हूक आकाच्या मागे असल्यामुळे तागडीसारखा परिणाम होऊन पहिलीची दांडी वर उचलली जाते. म्हणजे दुसरी ट्रॉली जोडल्यावर ओढायचे वजन दुप्पट होते आणि ओढणाऱ्या चाकांवरचा भार त्याच वेळी कमी होतो. आपल्या जवळपास वजनकाटा असेल तर हे प्रत्यक्ष मोजून पाहावे: आधी ट्रॅक्टर एकटा, मग भरलेली ट्रॉली जोडून पण काट्यावर फक्त ट्रॅक्टरची चाके ठेवून, आणि शेवटी दोन्ही ट्रॉल्या जोडून तसेच. वजनातला फरक म्हणजे हुकावरचा भार. शक्य असल्यास पुढच्या आणि मागच्या चाकांचे वजनही वेगळे घ्यावे.

पंधरा हंगाम वाहतूक (वाळवा तालुका)

दादा, सरांनी गणित सांगितले, मी स्टिअरिंगवर बसून शिकलेले सांगतो.

पहिली गोष्ट, ब्रेकची दोन पेडले. शेतात वळताना डावे-उजवे पेडल वेगळे लागते म्हणून आपण त्यांची जोडपट्टी सोडतो आणि रस्त्यावर येताना ती लावायला विसरतो. भरल्या ट्रॉलीसह एकाच पेडलावर पाय पडला की ट्रॅक्टर एका अंगाला फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर येऊन कात्री होते. फडातून डांबरीवर चाक लागले की मी आधी खाली वाकून पट्टी पाहतो, मगच गिअर टाकतो. आपल्या त्या प्रसंगात ट्रॉली तिरकी ढकलत होती म्हणता, तेव्हा दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागतात का, हेही फिटरकडून एकदा पाहून घ्या.

दुसरी गोष्ट, उतार लागण्याआधी गिअर कमी करा. ज्या गिअरात चढ चढलात त्याच गिअरात उतरा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे चालक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापैकी एकाच्या घरी भेटायलाही गेलो आहे. क्लच दाबला तरी तोच प्रकार होतो, कारण इंजिनाचा जो आवर असतो तो सुटतो. उतारावर मधेच गिअर बदलायला जाऊ नका. सुटलेला गिअर पुन्हा पडत नाही.

तिसरी, भरणी. ऊसतोड टोळी मागच्या बाजूने मोळ्या चढवते, त्यामुळे वजन मागे राहते आणि दांडी हलकी होते. मी उभा राहून पुढच्या फाळक्याकडून (ट्रॉलीच्या पुढच्या फळीकडून) भरून घेतो. अर्थात फार पुढेही नको, नाहीतर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. टोळीला घाई असते, मुकादमाला घाई असते, पण गाडी आपल्याला चालवायची आहे.

पिनेचे तुम्ही लिहिलेत ते वाचून अंगावर काटा आला. पिन आणि कॉटर पिन दोन्ही हंगामाच्या सुरुवातीला नव्या घ्याव्यात आणि एक जोड खोक्यात ठेवावा. दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक जाड साखळीही असावी, म्हणजे पिन तुटली तरी ट्रॉली वाटेल तिकडे जाणार नाही. आणि ट्रॉली कधीही वरच्या टॉप लिंकच्या (अवजारे जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी जोडू नये. ओढ जितकी उंचावरून, तितका ट्रॅक्टर मागे उलथण्याचा धोका जास्त.

रात्रीच्या खेपेसाठी मागे रिफ्लेक्टर आणि चालू दिवा पाहिजेच. बिघडलेली भरली ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी राहते आणि मागून दुचाकीवाला येऊन धडकतो, असे दर हंगामात आपल्या जिल्ह्यात घडते. लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या हिरव्या शेंड्यांनी) दिवा झाकला जातो, तेवढी वाढी छाटून घ्यायला दोन मिनिटे लागतात.

मिरजेचा, सध्या टेक्सासमध्ये

आमचा ट्रॅक्टर भाऊ पाहतो, मी इथे नोकरीला आहे. तरीही लिहावेसे वाटले, कारण अगदी हाच प्रश्न मला इथे वेगळ्या रूपात पडला होता. इकडे लोक पिकअप ट्रकमागे राहण्याची सोय असलेला ट्रॅव्हल ट्रेलर लावून सुटीला जातात. तसा एक ट्रेलर घेण्याआधी मी महिनाभर आकडे जुळवत होतो.

माझ्या ट्रकच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ९००० पौंड, म्हणजे सुमारे ४१०० किलो दिलेली होती. मला आवडलेल्या ट्रेलरचे भरल्यानंतरचे वजन ७००० पौंड होत होते, त्यामुळे दोन हजार पौंड शिल्लक आहेत असे वाटले. पण चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसे आणि सामान मिळून त्या ट्रकवर किती वजन ठेवता येईल हे त्यावर लिहिलेले असते, आणि माझ्या ट्रकला तो आकडा १५०० पौंड होता. इथे ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग दांडीवाटे ट्रकवर यावा असा नियम पाळतात. त्याहून कमी आला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो, आणि जास्त आला तर ट्रक मागे बसतो. ७००० चे १३ टक्के म्हणजे ९१० पौंड, घरची चार माणसे ६०० पौंड, हुकाचे सामान आणखी ८०. बेरीज १५९० झाली. ओढण्याची क्षमता भरपूर शिल्लक असताना ट्रक मात्र अंगावरच्या भारानेच मर्यादेबाहेर गेला होता. शेवटी मी लहान ट्रेलर घेतला.

यातून दोन गोष्टी आपल्याकडेही लागू पडतात असे मला वाटते. पहिली, क्षमता हा एकच आकडा नसतो. ओढण्याची मर्यादा, दांडीच्या भाराची मर्यादा, प्रत्येक आकाची आणि टायरची मर्यादा, आणि दोन्ही वाहने मिळून एकत्रित वजनाची मर्यादा असे चार-पाच आकडे असतात, आणि त्यांतला जो सर्वात आधी भरतो तोच खरा. दुसरी, रिकाम्या वजनाचा आकडा नेहमी तपासून घ्यावा. इथे ट्रेलरचे जे कोरडे वजन छापतात त्यात पाण्याची टाकी भरलेली धरत नाहीत, आणि ४० गॅलनची टाकी भरली की तेवढ्याने १५० किलो वाढतात. आपल्या ट्रॉलीच्या बाबतीत मागाहून वाढवलेले फाळके आणि जादा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) हाच प्रकार करतात.

इथल्या कंपन्यांना ओढण्याचा आकडा मनाला येईल तसा सांगता येऊ नये म्हणून एसएई जे२८०७ नावाची चाचणीपद्धत ठरलेली आहे. अ‍ॅरिझोना राज्यात डेव्हिस डॅमजवळचा सुमारे ११ मैलांचा चढ, भर उन्हाळ्यातला उकाडा आणि गाडीत एसी चालू, या स्थितीत ठरावीक वेगाखाली न येता ट्रेलर चढवता आला पाहिजे, अशी त्यातली एक कसोटी आहे. आपली खिंड ही आपल्या ट्रॅक्टरची तशीच कसोटी समजावी. सपाटीवरच्या अनुभवावरून ट्रॉली निवडू नये.

ट्रॉली बांधणारा (कुपवाड)

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न “किती टन बसेल?” असा विचारतात. ट्रॉलीला ब्रेक बसवायचे का, असे आम्ही विचारले तर “ते राहू द्या, खर्च वाढतो” असे उत्तर मिळते. आपण स्वतःहून ब्रेकबद्दल विचारलेत, म्हणून आवर्जून लिहीत आहे.

ट्रॉलीला ब्रेक बसवता येतात आणि ते चालतातही. सर्वात साधा प्रकार म्हणजे दांडीतच दाब घेणारा: ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते, दांडी आत सरकते आणि त्या रेट्यानेच ट्रॉलीचे ब्रेक लागतात. तो स्वस्त पडतो, पण मागे घेताना अडतो आणि दोन ट्रॉल्यांच्या जोडीत नीट वाटला जात नाही. दुसरा प्रकार ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर किंवा हवेच्या दाबावर चालणारा असून त्यात चालकाच्या पायाबरोबर ट्रॉलीचे ब्रेकही लागतात. ट्रॅक्टरला त्यासाठीचा व्हॉल्व्ह लागतो, हे आधी पाहावे लागते. सरांनी मांडलेला हिशेब ट्रॉलीच्या आकाला ब्रेक मिळताच पूर्ण बदलतो, कारण ट्रॉलीच्या चाकांवर जे सात-आठ टन वजन असते, तेच थांबवण्याच्या कामी येते.

आकाबद्दलही सांगतो. ट्रॉलीची क्षमता तिच्या साट्याच्या (माल भरायच्या वरच्या भागाच्या) लांबीरुंदीवर ठरत नाही. आक, बेअरिंग, पाटे आणि टायर यांतले जे सर्वात दुबळे असेल तेवढीच ट्रॉलीची क्षमता. जुने ट्रकचे टायर रिमोल्ड करून टाकलेली ट्रॉली पहिला हंगाम काढते, पण फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तेच टायर फुटतात. साटा मोठा केला की ऊस जास्त बसतो, हे खरे; खालचा आक मात्र तोच राहतो.

कागदपत्रांचे एक वाक्यात: ट्रॉलीची वेगळी नोंदणी करून घ्या, विम्यात ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचा स्वतंत्र उल्लेख असल्याची खात्री करा आणि दुसऱ्याचा ऊस भाड्याने वाहणार असाल तर शेतीच्या वापराच्या विम्यावर विसंबू नका. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायला लावतात.

येरळाकाठचा शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. पाहुण्यांच्या ट्रॉल्या अजून चालू आहेत, हंगाम संपायला काही दिवस बाकी आहेत. म्हणून सरांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री दोन वाजता, रांग कमी असताना, खाजगी काट्यावर जाऊन सगळी वजने घेतली. काटेवाल्याने आधी विचारले की नुसता ट्रॅक्टर कशाला मोजता. कारण सांगितल्यावर तो स्वतः बाहेर येऊन चाके बरोबर पट्टीवर आहेत का, हे बॅटरीने पाहू लागला.

ट्रॅक्टर माझ्यासह २२४० किलो भरला: पुढच्या चाकांवर ८६० आणि मागच्या चाकांवर १३८०. भरलेली एक ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टर काट्यावर ठेवला तेव्हा आकडा २७१० आला, म्हणजे हुकावर ४७० किलो भार. मग दुसरी ट्रॉली जोडली आणि तोच ट्रॅक्टर पुन्हा मोजला, तर २३३०. आकडा चुकला असे वाटून पुन्हा पुढे-मागे घेऊन मोजले, पुन्हा तोच आला. हुकावरचा भार ४७० वरून ९० वर आला होता. मागे आठ टन उसाची आणखी एक ट्रॉली लागली आणि माझ्या चाकांवरचे ३८० किलो निघून गेले, हे काट्यावर डोळ्यांनी पाहीपर्यंत मला पूर्ण पटले नव्हते.

रिकामी ट्रॉली पाहुण्यांच्या म्हणण्याप्रमाणे १६०० किलोची होती. प्रत्यक्षात २०६० निघाली. मागे दोनदा वाढवलेले फाळके आणि खाली घातलेले जादा पाटे त्यात धरलेले नव्हते. कालचा ऊस दोन्ही मिळून १६.२ टन होता, म्हणजे एकूण वजन साडेबावीस टन. आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा दोन्ही ट्रॉल्या जास्त भरलेल्या होत्या. पाहुण्यांना हे आकडे दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि आज सकाळी दोन्ही पिना बदलून आणल्या.

माझा विचार आता असा झाला आहे. एकच ट्रॉली बांधून घ्यायची, दांडी चांगली लांब, आक आणि टायर नवे, आणि ब्रेक ट्रॅक्टरच्या पायावर चालणारे. त्यात पावणेआठ टनांपर्यंतच ऊस भरायचा. रिकामी ट्रॉली २.३ टन धरली तर ट्रॅक्टरसह एकूण सव्वाबारा टन होतात. खेपा वाढतील आणि डिझेल वाढेल. टनाला मिळणारा दर तोच राहणार असल्यामुळे हप्त्याची ओढाताण होईल, याची मला कल्पना आहे. घरी यावर दोन दिवस चर्चा झाली. आई म्हणाली की खिंडीतून रात्री येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज ती झोपेतही ओळखते आणि तो आवाज येईपर्यंत तिला झोप लागत नाही. भावकीचा सगळा ऊस घेता येणार नाही, हे मी त्यांना आत्ताच कळवले आहे, म्हणजे त्यांना दुसरी सोय करायला वेळ मिळेल.

सरांना एक विचारायचे आहे: एकाच ट्रॉलीने चढावर पुढची चाके पुन्हा हलकी होतील का?

निवृत्त यंत्र-अध्यापक (सांगली)

आपण रात्री जाऊन मोजून आलात, याचा मला फार आनंद झाला. आपलेच आकडे घेऊन पाहू.

स्टिअरिंग ताब्यात राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर असावा, म्हणजे आपल्याला ४४८ किलो. सपाटीवर उभ्या ट्रॅक्टरला ८६० आहेत. हूक मागच्या आकाच्या साधारण ८० सेंटिमीटर मागे आणि दोन आकांतले अंतर २ मीटर धरले, तर हुकावरचे ४७० किलो पुढच्या चाकांवरून १८८ किलो उचलतात. चढावर सव्वाबारा टनांना ७ टक्क्यांनी सुमारे ८५७ किलो ओढ लागते आणि हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच असेल तर ती आणखी २१४ उचलते. उरले ४५८. म्हणजे चाके जमिनीवर राहतील, पण अगदी काठावर. खड्डा आला किंवा क्लच झटक्याने सोडला, तर पुन्हा हलकी होतील.

म्हणून पुढच्या बंपरवर शंभर-सव्वाशे किलोच्या बिडाच्या प्लेटा लावून घ्याव्यात. कंपनीने त्यासाठी जागा दिलेली असते. मागच्या टायरांत पाणी भरण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. त्याने प्रत्येक टायरमागे दीडशे-दोनशे किलो वाढून पकड मिळते, परंतु आधी पुढचे वजन वाढवावे आणि मग मागचे. हूक उंच-खाली करता येणारा असेल तर खालच्या छिद्रात ठेवावा, कारण तो दहा सेंटिमीटर खाली आला तरी पुढच्या चाकांवर चाळीसेक किलो परत येतात.

नवी ट्रॉली आली की पहिल्या भरल्या खेपेला त्याच काट्यावर पुन्हा जा आणि या वेळी ट्रॉली जोडलेली असताना केवळ पुढच्या दोन चाकांचे वजन घ्या. ते ७०० किलोच्या खाली आले तर भरणी फार पुढे झाली आहे असे समजून मोळ्या थोड्या मागे घ्याव्या लागतील. तो आकडा इथे जरूर कळवा.